१५ वॅट, ८ इंच

माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणारा एक जुना सरावाचा अ‍ॅम्प आहे. १५ वॅटचा, ८ इंची स्पीकरचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा; गिटारवाले ज्याला सॉलिड स्टेट म्हणतात तसला. भुशाच्या फळ्यांचा खोका, त्यावर काळं रेक्झिन, पुढे जाळी आणि माथ्यावर एका ओळीत बटणं: गेन (आत येणारा सूर सुरुवातीलाच किती चढवायचा ते), व्हॉल्यूम, बेस, मिडल, ट्रेबल. कंपनीच्या नावाची पट्टी माझ्याकडे येण्याआधीच कुठे तरी गळून पडली होती, तिच्या जागी स्क्रूची दोन भोकं राहिली आहेत. अशा अ‍ॅम्पला गिटारवाल्यांत फारसा मान नाही. ‘शिकेपर्यंत ठीक आहे, पुढे चांगला घे’ असंच सगळे सांगतात. मी शिकलो, पुढेही गेलो, आणि हाच ठेवला. अमळनेर, चोपडा, शिरपूर, नंदुरबार या आमच्या भागातली पोरं हल्ली गिटार घेतात, मोबाइलवर पाहून शिकतात आणि अ‍ॅम्पचा विषय निघाला की महागड्या नावांपाशी अडकतात. ‘पैसे जमले की घेऊ’ म्हणता म्हणता वर्षं निघून जातात. त्यांच्यासाठी, आणि थोडं माझ्यासाठीही, हा अ‍ॅम्प मला इतका का आवडतो ते लिहून ठेवतो आहे.

तो आला सुरतहून. आमच्याकडे बऱ्याच गोष्टी सुरतहूनच येतात. तापीच्या खोऱ्यातून जाणारी भुसावळ–सुरत लाइन अमळनेरवरून जाते, आणि उधना, लिंबायत या भागांत खान्देशातलं कितीतरी गणगोत लूमवर, साडीच्या दुकानांत, टेम्पोवर कामाला आहे. माझा मावसभाऊ उधन्याला असतो. त्याच्या बिल्डिंगमधला एक इंजिनिअरिंगचा मुलगा शिक्षण संपवून गावी निघाला होता. गादी, शेगडी, टेबलफॅन यांच्याबरोबर त्याने अ‍ॅम्पही विकायला काढला. मावसभावाने घासाघीस करून ३,००० रुपयांत ठरवला. नव्याची किंमत तेव्हा याच्या दुपटीहून जास्त होती. जुन्या चादरीत बांधून, पॅसेंजरमध्ये बाकाखाली सरकवून त्याने तो आणला. नवापूरपासून शेजारचा एक म्हातारा त्याला पुन्हा पुन्हा विचारत होता म्हणे, ‘‘हाऊ टीव्ही शे का?’’

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीच्या पुस्तकात विद्युतधारेच्या परिणामांचा धडा आहे, त्यात फॅरेडेचं १८३१ सालचं विद्युतचुंबकीय प्रवर्तन येतं. चुंबक आणि कुंडल यांची एकमेकांजवळ हालचाल झाली की कुंडलात विद्युतधारा निर्माण होते, ही व्याख्या मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. मी गिटार आणि अ‍ॅम्प वर्गात नेतो. गिटारच्या तारांखाली जो पिकअप असतो, तो म्हणजे चुंबक आणि त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे कित्येक हजार वेढे. पुस्तकातली आकृतीच, फक्त खरी. गिटार टेबलावर आडवी ठेवायची, तारांवर रुमाल टाकायचा म्हणजे त्या गप्प राहतात, आणि पोलादी नादकाटा ठोकून पिकअपच्या अगदी जवळ धरायचा. अ‍ॅम्पमधून नादकाट्याचा सूर स्वच्छ बाहेर येतो. मग अ‍ॅल्युमिनियमचा नादकाटा तसाच ठोकून तसाच धरायचा. कानाजवळ नेला तर तो उत्तम वाजत असतो, पण अ‍ॅम्प जवळजवळ मुका. दरवर्षी या क्षणी वर्गात शांतता होते आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, ‘‘सर, हाई काय शे?’’ तिथून पुढचा तास मला फारसं बोलावं लागत नाही. पोलादाला चुंबक ओढतो, अ‍ॅल्युमिनियमला नाही. म्हणजे पिकअप हवेतला आवाज ऐकतच नाही, त्याला कळते ती पोलादाची हालचाल. हे मुलं स्वतःच काढतात. गिटारची तार पोलादाची का लागते, हेही मग सांगावं लागत नाही.

तार छेडली की पिकअपमधून येणारा दाब व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. ८ ओहमच्या स्पीकरला १५ वॅट द्यायचे तर साधारण ११ व्होल्ट लागतात. म्हणजे मधल्या सगळ्या खटाटोपाचं काम काय, तर एवढ्याशा दाबाला शंभरपटीहून जास्त मोठं करायचं आणि ते करताना त्याचा आकार बिघडवायचा नाही. आधी एक छोटी आयसी, म्हणजे चिप, तो थोडा वाढवते, मग बेस-मिडल-ट्रेबलचं सर्किट त्याला छाटतं, शेवटी हीट सिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला, घट्ट बसवलेली पॉवर आयसी स्पीकरला ढकलते. एवढंच. झाकण काढून पाहिलं तर सगळा रस्ता बोटाने दाखवता येतो. घरातल्या टीव्हीचा, मोबाइलचा असा रस्ता मला दाखवता येणार नाही, आणि मी विज्ञानाचा शिक्षक आहे.

काही महिन्यांनी अ‍ॅम्प बिघडला. वाजवता वाजवता आवाज तुटायचा, व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर व्हायची, आणि गिटार लावलेली नसतानाही स्पीकरमधून एक जाड गुणगुण सतत यायची. मी कान देऊन तिचा सूर ओळखला: १०० हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या भागातून, गेल्यावर तिचे ठोके दुप्पट होतात. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जी स्वर ९८ हर्ट्झचा असतो. तो वाजवला की गुणगुणीत आणि त्यात सेकंदाला दोन हेलकावे स्पष्ट ऐकू यायचे. बिघाडात इतका सुरेख प्रयोग दडलेला पाहून मला त्या दिवशी खरंच आनंद झाला होता.

बाजारपेठेमागच्या बोळात एक काका रेडिओ-टेप दुरुस्त करायचे. आता बहुतेक काम लग्नाच्या बँडवाल्यांचं, भजनी मंडळांच्या अ‍ॅम्प्लिफायरचं आणि मिक्सरच्या मोटारींचं. दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं. मी खोका समोर ठेवला तेव्हा त्यांनी गिटार हा शब्दही विचारला नाही. मागचे स्क्रू काढले, आत बघितलं आणि म्हणाले, ‘‘सर, येमा नवं काहीच नही. जुना डेकना अ‍ॅम्प्लिफायरच शे हाऊ.’’ मग त्यांनी प्लग भिंतीत न घालता सिरीज बोर्डात घातला. हा बोर्ड म्हणजे वस्तूच्या आधी एक साधा पिवळा बल्ब जोडलेला असतो; आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि वस्तू वाचते. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला. काका खूश झाले. ट्रान्सफॉर्मर आणि आयसी शाबूत होते.

रेक्टिफायरचे ठोके सपाट करणाऱ्या दोन कंडेन्सरांपैकी एक फुगला होता, गुणगुणीचं कारण तेच. काकांनी दोन्ही बदलले. एक गेला की दुसराही त्याच वयाचा असतो, म्हणाले. व्हॉल्यूमच्या कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो मलाच वीसेक वेळा डावी-उजवीकडे फिरवायला लावला. आवाज तुटण्याचं कारण मात्र त्यांनी हातात भिंग देऊन दाखवलं. गिटारची पिन जिथे घुसते ते सॉकेट थेट बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. पिन घालताना-काढताना दरवेळी त्या सोल्डरवर ताण येतो आणि काही वर्षांनी त्याभोवती केसाएवढी गोल चीर पडते. ड्राय सोल्डर. डोळ्यांना जोड धडधाकट दिसतो, भिंगातून चीर दिसते. त्यांनी जुनं कथील ओढून काढलं, नवं घातलं, आणि सॉकेटच्या नटखाली एक वॉशर सरकवला म्हणजे ताण बोर्डावर न येता पत्र्यावर जाईल. हा वॉशर कारखान्यात घालायला हवा होता. काही रुपयांची वस्तू आहे. सगळं मिळून शेदोनशे रुपये झाले आणि मी तासभर उभ्याउभ्या जे शिकलो, ते कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात शिकलो नव्हतो.

त्या तासानंतर हा अ‍ॅम्प मला माझा वाटायला लागला. त्याआधी तो विकत घेतलेला होता.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पबद्दल माझ्या मनात आदर आहे; ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह. धुळ्याला एका मित्राकडे मी तो वाजवला आहे. हळू वाजवलं की मऊ, जोरात वाजवलं की आवाज हळूहळू जाड होत जातो, फाटत नाही. ट्रान्झिस्टर त्याच्या मर्यादेपर्यंत सरळ चालतो आणि मर्यादा आली की लाटेचा माथा एकदम कापून टाकतो, म्हणून त्याचा फाटका आवाज कानाला टोचतो. हे खरं आहे आणि ते मान्य करायला काहीच हरकत नाही. माझ्या अ‍ॅम्पवरचं ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडायचं, बटण मी जवळपास दाबतच नाही. पण व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये आत ३०० व्होल्टच्या वर दाब खेळत असतो, प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो टिकून राहू शकतो, आणि आज व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया, चीन इथल्या कारखान्यांतून येतात. एक व्हॉल्व्ह गेला तर मित्र पार्सलची वाट पाहतो. बोळातले काका त्याला हात लावणार नाहीत, आणि लावूही नये. माझ्या अ‍ॅम्पच्या बोर्डावर वीसेक व्होल्ट असतात. प्राण घेणारे २३० व्होल्ट फक्त ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला.

ट्रान्झिस्टर हा काही गरिबाने नाइलाजाने घ्यायचा प्रकार आहे, असं इतिहासही सांगत नाही. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला, १९५६ मध्ये त्यासाठी शॉकली, बार्डीन आणि ब्रॅटन यांना नोबेल मिळालं. रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ सालचा अ‍ॅम्प पूर्ण ट्रान्झिस्टरचा आहे आणि त्याच्या स्वच्छ आवाजासाठी जगभरचे वादक तो आजही मागून घेतात. बी. बी. किंग यांनी अनेक वर्षं लॅब सीरिजचा एल-५ वापरला, तोही ट्रान्झिस्टरचाच. त्या माणसाच्या एका सुरात जी ऊब होती ती व्हॉल्व्हमधून येत नव्हती, बोटांतून येत होती, असं माझं ठाम मत आहे.

आता आवाजाच्या मोठेपणाबद्दल. १५ वॅट म्हणजे ३० वॅटच्या निम्मा आवाज, असं पोरांना वाटतं. तसं होत नाही. ताकद निम्मी झाली की पातळी ३ डेसिबलने उतरते, फक्त. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दसपट ताकद लागते. दोन खोल्यांच्या घरात, शेजारी कोणाची तरी बारावीची परीक्षा चालू असताना, मी एक वॅटसुद्धा वापरत नाही. रात्री हेडफोन.

खोली मात्र फार मोठा फरक करते. आमचं अमळनेरचं घर स्लॅबचं, खाली फरशी, चारी भिंती गुळगुळीत. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला की खालचे सूर घुमतात आणि वरचे सूर पायांना ऐकू जातात, कानांना नाही, कारण स्पीकरचा तीक्ष्ण भाग समोर सरळ रेषेत जातो. त्याला स्टुलावर ठेवून थोडा मागे कलवला की निम्म्या तक्रारी मिटतात. पारोळ्याकडे आमच्या गावी अजून जुनं धाब्याचं घर आहे: हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्याच्या सुटीत अ‍ॅम्प तिकडे नेला. तीच गिटार, तीच बटणं, तेच हात, आणि आवाज असा निघाला की मी वाजवायचा थांबलो. माती आवाज परत फेकत नाही. भिंतीवरून येणारा गोंगाट नाहीसा झाल्यावर प्रत्येक सुराचा सुरुवातीचा टणत्कार आणि शेवटचा विरत जाणारा भाग वेगवेगळा ऐकू येत होता. पैसेवाले लोक खोल्यांच्या भिंतींना फोम लावून हेच मिळवायचा प्रयत्न करतात. गावागावांतून धाब्याची घरं पाडून स्लॅब पडत आहेत आणि त्यामागची कारणं मला समजतात. गळती, विंचू, दर पावसाळ्याआधी माती टाकायची दगदग. तरी त्या घराच्या माजघरात अ‍ॅम्प लावून बसलं की वाईट वाटतं.

गावच्या घरात अर्थिंग नव्हतं. थ्री-पिन सॉकेटचं वरचं भोक नुसतंच भोक. अशा ठिकाणी अ‍ॅम्पच्या पत्र्याला बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श केला तर झिणझिण्या येतात, आणि गिटारच्या तारा त्याच पत्र्याशी जोडलेल्या असतात. मी आधी वायरमनला बोलावलं. त्याने अंगणात खड्डा घेतला, पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ओल खोल जाते आणि अर्थिंग कमजोर होतं, म्हणून चैत्र-वैशाखात त्या पाइपमध्ये बादलीभर पाणी ओतत राहायला त्याने बजावलं. गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाने, आणि घरात फ्रीज किंवा कूलर असलेल्या प्रत्येकाने हे करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडच्या उन्हाचा अ‍ॅम्पलाही त्रास होतो. एप्रिलमध्ये शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलांची तालीम घेत होतो, व्हॉल्यूम चढवलेला होता, आणि अ‍ॅम्प अचानक गप्प झाला. लाल दिवा चालू, आवाज बंद. पॉवर आयसी फार तापली की स्वतःला वाचवायला काम थांबवते, थंड झाली की पुन्हा सुरू होते. मागची बाजू भिंतीपासून पुढे ओढली, हीट सिंकवरची धूळ रंगाच्या ब्रशने झाडली, टेबलफॅन लावला. पोरांनी तोवर पाणी पिऊन घेतलं आणि तालीम पुढे चालू झाली.

ज्या गोष्टीसाठी मी हा अ‍ॅम्प विकणार नाही, ती त्याच सुटीत गावी घडली. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, दिवस होते. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली. लहानपणापासून कानावर असलेली एक चाल मी माजघरात बसून शोधत होतो. ती चाल चार-पाच सुरांत फिरते. गिटारवर पाच फ्रेटांत सगळी सापडते. गेन अगदी खाली, ट्रेबल अर्ध्यावर, स्वच्छ आवाज. आई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘हाई आखाजीनं गानं शे ना? तुले कोनी शिकाडं?’’ मग तिने स्वतः गाऊन दाखवलं. माझं आणि तिचं एका जागी जुळत नव्हतं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती सुरावरून खालच्या सुरावर उतरत नव्हती, ओघळत होती. मधला कुठलाही फ्रेट तिच्या कामाचा नव्हता. मी तार आधी ओढून धरायला लागलो आणि सोडत सोडत उतरायला लागलो. पहिल्या प्रयत्नांत उतार घाईचा व्हायचा, ती मान हलवायची. अ‍ॅम्प ती घाई जशीच्या तशी दाखवत होता. गेन चढवला असता तर लाट सपाट झाली असती, लहान-मोठं एक झालं असतं आणि चुकीचा उतारही भरीव वाटला असता. संध्याकाळपर्यंत तो उतार बसला. आईने गायलं, मी मागून वाजवलं, आणि झोक्यावरच्या दोन-तीन बायका आत येऊन बसल्या. त्यांनी अ‍ॅम्पकडे एकदाही पाहिलं नाही, याचा मला फार आनंद झाला.

आता जुना घ्यायला निघालेल्यांसाठी. शक्यतो वस्तू जिथे आहे तिथे जाऊन, स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल नेऊन पाहा. आधी काहीही न जोडता चालू करा आणि व्हॉल्यूम वाढवत नेऊन ऐका. बारीक सुसकारा चालेल, जाड गुणगुण असेल तर कंडेन्सरचा खर्च धरा. प्रत्येक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खरखर स्वच्छ होते, पण मधेच एका जागी आवाज नाहीसा होत असेल तर कंट्रोल बदलावा लागेल. जाळीतून टॉर्च मारून स्पीकरचा कोन फाटलेला नाही ना ते बघा, सहावी तार जोरात छेडून फडफड ऐका. रिकोनिंग, म्हणजे कोन बदलून, देणारे जळगाव-धुळ्याला मिळतात, पण मग स्वस्त घेण्यात अर्थ उरत नाही. हेडफोनचं सॉकेटही तपासा, कारण त्याचा आतला स्विच अडकला की स्पीकर बंद राहतो आणि विकणारा अ‍ॅम्प जळाला म्हणून कवडीमोलाने देतो. तसा मिळाला तर जरूर घ्या. शेवटी वाजवता वाजवता खोक्याच्या माथ्यावर तळहाताने थाप मारा. आवाज तुटला तर कुठे तरी सोल्डर सुटलं आहे. काम शेदोनशेचं आहे, तेवढे किमतीतून कमी करून मागा.